लहान मुलांसाठी बजेट टॅब कसा निवडायचा? १५ हजारांच्या आत काय बघायचं, काय सोडायचं

घरात ज्याला 'मोबाईलमधलं कळतं' त्याच्याकडे हा प्रश्न येतोच. "अरे, पिल्लूसाठी एखादा टॅब सुचव ना, दहा-बारा हजारांत." सेल सुरू झाला की मला असे चार-पाच मेसेज येतात. विचारणारे काका, मावशी, ताई कोणीही असोत, त्यांना एक नाव आणि एक लिंक हवी असते. पण मुलांच्या टॅबच्या बाबतीत नुसतं नाव देऊन भागत नाही. तोच टॅब एका घरात चार वर्षं नीट चालतो आणि दुसऱ्या घरात सहा महिन्यांत कपाटात जातो. म्हणून या लेखात मॉडेलची यादी कमी आणि निवड कशी करायची ते जास्त आहे.

आधी वयाचं बोलू, कारण ते थोडक्यात आटपतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यानंतर दिलेल्या सूचना साधारण सारख्याच आहेत. २ वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको. २ ते ५ वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही मोठं कोणीतरी सोबत असताना. त्यामुळे बाळ दीड वर्षाचं असेल तर टॅब घेऊ नका, एवढंच माझं उत्तर. "जेवतच नाही हो त्याशिवाय" हे मला माहीत आहे, पण त्यावर उपाय टॅब नाही. पुढचं सगळं ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

सगळ्यात स्वस्त टॅब का नको

ऑनलाइन शोधलं की चार-पाच हजारांत 'किड्स टॅबलेट' दिसतात. गुलाबी-निळं रबरी कव्हर, कार्टून, मागे हँडल. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नसतं. माझा विरोध इथेच आहे, आणि तो टॅब स्लो चालतो म्हणून नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 'ड्रॅगन टच' ब्रँडचा असाच एक लहान मुलांचा टॅब तपासला. तो मोठ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला होता, आणि मुलीला तो भेट मिळाला होता. त्यात कोरजावा नावाच्या मालवेअरच्या खुणा सापडल्या. सिस्टम अँड्रॉइड ९ ची, म्हणजे तेव्हाच पाच वर्षं जुनी. मुलांसाठी म्हणून टाकलेलं ॲप स्टोअरही कालबाह्य. २०२५ मध्ये 'बॅडबॉक्स २.०' हे प्रकरण गाजलं. त्यात टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर आणि अनोळखी ब्रँडचे टॅब अशी १० लाखांहून जास्त स्वस्त उपकरणं सापडली. मालवेअर काहींमध्ये खोक्यातून बाहेर येतानाच होता, काहींमध्ये नंतर ॲपबरोबर शिरला.

फोनवर व्हायरस येतो तेव्हा बहुतेक वेळा आपणच काहीतरी चुकीचं इन्स्टॉल केलेलं असतं. इथे मात्र मालवेअर थेट सिस्टममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्येच असू शकतो. फॅक्टरी रिसेट मारला तरी तो जात नाही, कारण रिसेट केल्यावर टॅब त्याच सिस्टमवर परत येतो. आणि या उपकरणाला कॅमेरा आहे, माइक आहे, घरच्या वायफायचा पासवर्ड त्यात आहे. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण ज्या कंपनीचा पत्ताच सापडत नाही तिला कायदा विचारणार कोण?

तपासायच्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही फुकट.

पहिली, बीआयएस नोंदणी. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबना ती सक्तीची आहे. खोक्यावर किंवा टॅबच्या मागे 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो. 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप उघडून तो नंबर टाका, कंपनीचं नाव जुळतंय का बघा. दुसरी, प्ले स्टोअर उघडून प्रोफाइल फोटोवर टॅप करा, सेटिंगमध्ये 'अबाउट'मध्ये जा. तिथे प्ले प्रोटेक्टखाली 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर रिटर्नची मुदत संपायच्या आत टॅब परत करा.

आकडे वाचताना

रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी. याच्याखाली जाऊ नका. ३२ जीबीमधली बरीच जागा सिस्टमच घेते आणि मग दर आठवड्याला 'स्टोरेज फुल' दिसतं. मेमरी कार्डचा स्लॉट असेल तर उत्तम, व्हिडिओ आणि पुस्तकं त्यात जातात.

'४ + ४ जीबी रॅम' असं लिहिलेलं असेल तर ते ४ च धरा. दुसरे ४ म्हणजे स्टोरेजचा तुकडा, रॅम भरली की तात्पुरतं सामान ठेवायला वापरतात. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. किचनचा ओटा भरला म्हणून भांडी माळ्यावर ठेवली तर जागा होते, पण प्रत्येक वेळी शिडी लावावी लागते. तसंच हे.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विसरा. स्क्रीन एचडी असली तरी ८-९ इंचावर पुरते.

मी आकाराबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक इथेच फसतात. "मोठी स्क्रीन म्हणजे डोळ्यांना चांगलं" म्हणून ११ इंची घेतात. रेडमी पॅड एसई ११ इंची आहे, वजन ४७८ ग्रॅम. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ ८.७ इंची आहे, वजन साधारण ३३२ ग्रॅम. कव्हर लावलं की पहिला सहज सहाशेच्या पुढे जातो. पाच वर्षांच्या मुलाने तो हातात धरला की दोन मिनिटांत मांडीवर येतो, मग पोटावर, मग मूल पालथं झोपून नाक स्क्रीनला लावून बघतं. मोठ्या स्क्रीनचा फायदा तिथेच संपला. शिवाय जड वस्तू जास्त जोरात आपटते. छोट्या मुलांसाठी ८ ते ९ इंच हाच आकार बरा. ११ इंची घ्यायचाच असेल, म्हणजे मोठं भावंडंही त्यावर अभ्यास करणार असेल, तर उभं राहणारं स्टँडचं कव्हर सोबत घ्या आणि टेबलावरच वापरायचा असा नियम करा.

जाता जाता एक आठवण. २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आणला होता, ७ इंची, २५६ एमबी रॅमचा. त्याची स्क्रीन रेझिस्टिव्ह प्रकारची होती, बोट नुसतं टेकवून चालायचं नाही, दाबावं लागायचं. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून गाजावाजा झाला, पण वापरायला तो त्रासदायक होता. आज दहा हजारांत जे मिळतं ते त्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे, हे चिडचिड करताना लक्षात ठेवायला हरकत नाही.

वायफाय की सिम?

नुसता वायफायचा टॅब दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो. टॅब ए९ भारतात आला तेव्हा वायफायवाला १२,९९९ ला होता आणि सिमवाला १५,९९९ ला. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफायवालाच घ्या, प्रश्नच नाही.

अडचण त्या घरांची, जिथे इंटरनेट म्हणजे बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट. बाबा सकाळी नऊला कामावर गेले की इंटरनेटही गेलं. तरीसुद्धा मी सिमचा टॅब सुचवत नाही. रात्री हॉटस्पॉटवर गोष्टी, पुस्तकं, खेळ डाउनलोड करून ठेवा, दिवसा मूल तेवढंच वापरेल. खरं तर ही सोय उलट चांगली आहे, कारण ऑफलाइन टॅबवर ऑटोप्लेची कटकट नाही, जाहिराती जवळपास नाहीत. सिम टाकायचंच असेल तर ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो तो चुकूनही टाकू नका.

घ्यायच्या आधी एक फोन

तुमच्या गावापासून जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि विचारा, "या मॉडेलचा डिस्प्ले बदलायला किती लागतील आणि पार्ट मिळतो का?" मुलांचा टॅब पडणार, ही शक्यता नाही, खात्री आहे. डिस्प्लेचा खर्च टॅबच्या निम्म्या किमतीच्या आसपास असेल किंवा पार्ट पुण्या-मुंबईहून यायला महिना लागणार असेल, तर दुसरा ब्रँड बघा. याच कारणासाठी मी तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना सॅमसंग, लेनोव्हो, शाओमी अशा जवळपास सेंटर असलेल्या कंपन्यांकडेच वळवतो. कोपऱ्यांना जाड असलेलं सिलिकॉन किंवा फोमचं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास त्याच दिवशी लावा, 'नंतर घेऊ' म्हणून ठेवू नका.

अमेरिकेतले काका-मामा कधी कधी ॲमेझॉनचा फायर किड्स टॅब घेऊन येतात. तिथे त्याला दोन वर्षांची 'तुटला तर बदलून देऊ' अशी गॅरंटी असते, म्हणून तो लोकप्रिय आहे. पण त्यात गूगल प्ले स्टोअर नाही, आणि इथे तुटला तर दाद मागायला कोणी नाही. भेट आला तर वापरा, मागवून घेऊ नका.

सेटिंग: खरं काम इथे आहे

माझी भाची सीनियर केजीत आहे. ताई आणि दाजी दोघंही नोकरीला, दिवसभर ती आजीजवळ. टॅब घेताना आमच्यापुढचा खरा प्रश्न मॉडेलचा नव्हताच. दुपारी टॅब आजीच्या ताब्यात असणार, आणि आजींना पाच वर्षांच्या मुलीशी रोज भांडण नको होतं. "तू माझ्या हातात काठी देऊ नकोस, त्या डब्यालाच सांग बंद व्हायला," असं त्या म्हणाल्या होत्या. तेच केलं.

टॅब पहिल्यांदा सुरू करताना स्वतःचा जीमेल टाकू नका. बहुतेक घरांत हेच होतं, आणि मग मुलाच्या हातात तुमचे फोटो, तुमचं यूट्यूब, तुमचं कार्ड जोडलेलं प्ले स्टोअर जातं. त्याऐवजी मुलाच्या नावाने नवीन खातं उघडा, खरी जन्मतारीख टाका, म्हणजे ते आपोआप पालकांच्या खात्याखाली येतं. मग आई-बाबांच्या फोनमध्ये 'फॅमिली लिंक' ॲप टाका. ते गूगलचं आहे, फुकट आहे, आयफोनवरही चालतं.

त्यात तीन गोष्टी ठरवा. रोजची मर्यादा, आमच्याकडे ४५ मिनिटं. झोपेची वेळ, रात्री ८ ते सकाळी ९ टॅब लॉक. आणि प्रत्येक नवीन ॲपला पालकांची परवानगी. वेळ संपली की टॅब स्वतः लॉक होतो, आजींना 'दे इकडे' म्हणावं लागत नाही. इंटरनेट नसलं तरी आधी लावलेली मर्यादा चालूच राहते. आणि कधी पाहुणे आले, पाऊस आहे, थोडा जास्त वेळ द्यायचाय, तर फॅमिली लिंकमध्ये पालकांचा ॲक्सेस कोड दिसतो. ताई ऑफिसमधून फोनवर तो कोड सांगते, आजी टाकतात. कोड थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे मुलीने पाठ करून उपयोग नाही. तिने प्रयत्न केला होता.

टॅबची भाषा मराठी करून टाका. मुलासाठी नाही, आजी-आजोबांसाठी.

सॅमसंगच्या टॅबमध्ये 'सॅमसंग किड्स' आधीच असतं, पिन टाकल्याशिवाय मूल त्यातून बाहेर येत नाही. चार वर्षांच्या मुलाला ते पुरतं. इतर टॅबवर 'ॲप पिनिंग' चालू करा, उघडलेल्या एकाच ॲपमध्ये मूल राहतं.

यूट्यूब काढता आलं नाही तर बंद करा आणि यूट्यूब किड्स टाका. तेही जसंच्या तसं नको. पालकांच्या सेटिंगमध्ये 'अप्रूव्ह्ड कंटेंट ओन्ली' निवडा, मग तुम्ही निवडलेली चॅनल आणि व्हिडिओ सोडून काहीही दिसत नाही, सर्चही बंद होतो. सुरुवातीला अर्धा तास बसून वीस-तीस व्हिडिओ निवडावे लागतात. कंटाळवाणं आहे. पण टॅबच्या किमतीपेक्षा या अर्ध्या तासाने जास्त फरक पडतो, असं माझं मत आहे.

काय टाकायचं

गूगलचं 'रीड अलाँग' मराठीतही आहे. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं मोफत डाउनलोड होतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, आणि पुस्तकावरचे क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने उघडतात. इंग्रजी समजत असेल तर 'खान अकॅडमी किड्स', त्यात जाहिराती नाहीत. एवढी चार-पाच ॲप बास. चाळीस ॲप टाकली की मूल एकही धड वापरत नाही, नुसतं आयकॉनवर आयकॉन दाबत राहतं.

हेडफोन देणार असाल तर आवाजाची मर्यादा असलेला द्या. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पातळी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी आहे. स्वस्त 'किड्स' हेडफोनवर बहुतेकदा ८५ लिहिलेलं असतं. मी तर स्पीकरच बरा म्हणेन, मूल काय बघतंय ते स्वयंपाकघरात ऐकू येतं.

चार्जिंगला लावलेला टॅब मुलाच्या हातात देऊ नका. टॅब गरम होतो, बॅटरी लवकर खराब होते, आणि ओढाताणीत चार्जिंगचा पोर्ट सैल होतो. रात्री टॅब आई-बाबांच्या खोलीत चार्ज करा.

आणि घरात तीन-चार वर्षं जुना, बरा चालणारा टॅब पडून असेल तर आधी तो रिसेट करून, वरची सगळी सेटिंग लावून महिनाभर वापरून बघा. मुलाने त्यात रस घेतला नाही, तर तुमचे बारा हजार वाचले.