माळवद उतरवल्यानंतर

भंगार वितळवायचे, त्याचे ठोकळे पाडायचे आणि तापल्या ठोकळ्यांतून सळई काढायची, हा धंदा गेल्या तीन-चार दशकांत जालन्यात असा फोफावला की बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाणारे हे शहर पोलादाचे गाव म्हणूनही नावारूपाला आले. आज राज्यात कुठेही स्लॅब पडत असला तरी त्यात जालन्याची सळई असण्याची शक्यता मोठी. पण 1 मे 1981 रोजी औरंगाबादच्या काही तालुक्यांना परभणीचा परतूर जोडून जालना जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या खेड्यांतल्या बहुतेक घरांत लोखंड म्हणजे दाराची कडी, बिजागरी आणि खिडकीचे गज, एवढेच होते. बाकी घर दगड, माती आणि लाकडाचे. डोक्यावर माळवद. त्या घरापासून आजच्या स्लॅबपर्यंतचा प्रवास दीड पिढीत झाला. त्यात लोकांनी काय मिळवले ते उघड दिसते. काय गमावले याची चर्चा दरवर्षी उन्हाळ्यात, अंगणात खाट टाकल्यावर होते.

माळवदाचे घर खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण; घर पाच खणांचे की सात, यावरून घरधन्याची ऐपत कळे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडातून किंवा पडक्या गढीतून आणायची. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती छतावर चालत नाही. पांढरी मात्र पाऊस पडला की दबून बसते. छताला किंचित उतार, कडेला परनाळ, आणि स्वयंपाकघराच्या माथ्यावर धूर जायला, उजेड यायला साणे. पाऊस आला की साण्यावर झाकण. भिंती दीड-दोन हात जाड. त्यांच्या पोटात कोनाडे, देवळ्या आणि मोठ्या घरात ज्वारी साठवायचे बळद. बाहेर ढाळज, आत चौक, मागे परस आणि परसात आड.

हे घर फुकट टिकत नसे. मृगाच्या आधी माळवदावर चढून गेल्या वर्षीचे गवत उपटायचे, नवी माती पसरायची, चोपायची. एक वर्ष चुकले की गळती, दोन वर्षे चुकली की कडी कुजलीच. मालीमधल्या जेन्ने शहराची मातीची मोठी मशीद अजून उभी आहे, ती दरवर्षी सारे गाव मिळून तिला चिखलाचा लेप देते म्हणून. मराठवाड्यातही हे काम एकट्याचे नव्हतेच. भावकी, बलुतेदार, सालगडी यांचे हात त्यात असत. आणि जमीन सारवण्याचे, भिंती पोतारण्याचे काम तर पूर्णपणे बायकांच्या अंगावर होते. माळवदाच्या गारव्याचे कौतुक करताना हे कष्ट कोणी वाहिले, ते विसरून चालणार नाही. फरशी आणि सिमेंट आले तेव्हा सर्वांत आधी सुटकेचा श्वास घरातल्या सुनांनी सोडला, आणि तो योग्यच होता.

माळवद खाली येऊ लागले ते एका कारणाने नाही. वाटण्या झाल्या, सात खणांच्या घराचे तीन भावांत तुकडे पडले, मधल्या तुळईची दुरुस्ती कोणी करायची यावर भांडणे झाली. सागाची तुळई नव्याने घेणे परवडेना. मजूर रोजगार हमीच्या कामावर आणि शहरात गेले. 1985-86 पासून इंदिरा आवास योजनेने आणि पुढे 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेने गरिबाला घर दिले. लाखो कुटुंबांना पहिल्यांदाच स्वतःचे कोरडे छप्पर मिळाले, ही लहान गोष्ट नाही. मात्र सरकारी मोजणीत मातीची भिंत आणि मातीचे छत म्हणजे कच्चे घर. त्यामुळे ते दुरुस्त करण्याचा विचारच मागे पडला. ते पाडण्यालाच प्रगती म्हटले जाऊ लागले. लग्नाच्या बैठकीत मुलाकडे स्लॅबचे घर आहे का, हा प्रश्न शेताच्या एकरांबरोबर विचारला जाऊ लागला.

हे सारे चालू असतानाच 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात सुमारे 6.2 क्षमतेचा भूकंप झाला आणि जवळपास आठ हजार माणसे झोपेत गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरची टनावारी माती अंगावर आली. किल्लारी जालन्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून दूर. पण वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर जे ढिगारे दिसले ते जालन्यातल्या माणसाला परके वाटले नाहीत. तेच दगड, तीच पांढरी माती, तीच कडी-तुळई. त्यानंतर कितीतरी वर्षे मराठवाड्यात आई लेकरांना माळवदाखाली झोपू द्यायला कचरे. त्या भीतीला हसू नये. ती भोगलेल्यांच्या दुःखातून आलेली होती.

अडचण एवढीच की भूकंपाने जे सांगितले त्यातले अर्धेच लोकांपर्यंत पोचले. अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा दिसले ते असे: दगडी भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंतींची होती. आतला थर आणि बाहेरचा थर, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. त्यात दरवर्षी जुनी माती न काढता नवी टाकत गेल्याने छतावरचा थर काही घरांत दोन फुटांपर्यंत चढला होता. उलट छताचा भार जिथे लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. गरिबांच्या हलक्या छपराच्या झोपड्यांनीही माणसे मारली नाहीत. म्हणजे दोष निव्वळ मातीचा नव्हता. न जोडलेल्या भिंतीचा आणि न उतरवलेल्या ओझ्याचा होता.

यावर उपाय होते आणि ते महागही नव्हते. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे टेकण घालायचे, माथ्यावर चारही भिंतींना बांधणारा पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरका आधार द्यायचा, छतावरची जादा माती काढून पातळ थराखाली पाणी अडवणारा कागद अंथरायचा. 1993 या वर्षीच भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या घरांसाठी आणि साध्या दगडी बांधकामासाठी भूकंपरोधक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आय. एस. 13827 आणि 13828 हे त्यांचे क्रमांक. भूकंपग्रस्त भागात पुनर्वसनासाठी आलेल्या पैशात घर बळकट करण्यासाठीही मदत होती. पण ज्यांना ती मिळाली त्यांतल्या पुष्कळांनी जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी खोली बांधली. घर बळकट झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही, खोली दिसते. जालन्यासारख्या, त्या पट्ट्याबाहेरच्या जिल्ह्यात हे तंत्र सांगायलाही फारसे कोणी आले नाही. पोचली ती भीती, आणि तिच्या पाठोपाठ पत्र्यांचे ट्रक.

पैसेवाल्याने स्लॅब टाकला. बाकीच्यांनी माळवद उतरवून त्याच भिंतींवर पत्रे ठोकले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले. यात भिंत तशीच, आरपार न बांधलेली, राहिली. उलट छताचा दाबही गेला आणि माथा मोकळा झाला. ज्या दोषाने किल्लारीत माणसे गेली तो दोष घरात ठेवून, ज्या गोष्टीने घर गार राहत होते ती काढून टाकली गेली. या साऱ्या फेरबदलात सर्वांत जास्त हळहळ वाटावी अशी ही बाब आहे.

उन्हाचा हिशेब साधा आहे. एप्रिल-मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो. फूटभर मातीच्या छतातून दुपारची धग आत उतरायला आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते, बाहेर गारवा आलेला असतो आणि साण्यातून गरम हवा निघून जाते. चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून तीच धग तीन-चार तासांत खाली येते आणि मध्यरात्रीपर्यंत भिंतीही तापलेल्या राहतात. पत्र्याला तर तासाचाही अवधी लागत नाही. नव्या घराची उंची कमी, साणे गेलेले, चौक झाकून त्याची बैठकीची खोली केलेली. म्हणून कूलर आला. कूलरला वीज लागते आणि पाणी लागते. जालन्यात या दोन्हींपैकी पाण्याची तंगी फार जुनी आहे, आणि इथे घराच्या दुरुस्तीतली दुसरी मोठी चूक समोर येते.

कुंडलिका नदीच्या काठचे हे शहर पाण्याच्या बाबतीत एकेकाळी शहाणे होते. मोगल काळात जमशेदखान या सुभेदाराने शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत पाणी खेळवले. 1725 मध्ये बांधलेल्या मस्तगडाच्या किल्ल्यातही मोठी विहीर होती. पुढे निजामकाळात घाणेवाडीचा तलाव झाला आणि नव्या जालन्याला तिथून उताराने पाणी येऊ लागले. या सामाईक व्यवस्थेच्या जोडीला काद्राबाद, सदर बाजार, जुना जालना इथल्या वाड्यांमध्ये घरचा आड असे. घरात नळ आला तेव्हा आडाची किंमत संपली असे लोकांना वाटले. कुठे तो बुजवून वर मोरी केली, कुठे स्लॅबने झाकून खोली वाढवली. काही घरांनी तर त्यात सांडपाणी आणि मैला सोडला. हे शेवटचे पाप परतवता येत नाही, कारण एका आडाने शेजारच्या चार आडांचे पाणी नासते.

2012-13 चा दुष्काळ जालन्याने सोसला तो राज्यातल्या सर्वांत बिकटांपैकी एक होता. घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरवर आले. नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापून वर्गणीतून तलावाचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले होते, ते या काळात जोमाने चालले. त्याच सुमारास जायकवाडीहून थेट नळयोजना आली. पण नळ रोज येत नाही. आठवडा-आठवडा वाट पाहणाऱ्या घरांमध्ये आता जमिनीखाली सिमेंटची टाकी असते, गच्चीवर काळी टाकी असते, आणि बोअर अधिकाधिक खोल जाते. आड जिवंत ठेवला असता आणि माळवदाचे किंवा स्लॅबचे पावसाळी पाणी परनाळीने त्यात सोडले असते, तर दुष्काळ टळला नसता. पण निदान धुण्याभांड्यांचे आणि कूलरचे पाणी घरात राहिले असते.

लहान पस्तावेही कमी नाहीत. ज्यांनी जुने घर पाडले नाही त्यांनी ते टिकावे म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवते. आत माती भिजून भुसभुशीत होते आणि पाच-सात वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट गळून पडतात. मग पुन्हा सिमेंट. गावातले रस्ते काँक्रीटचे झाले, पण जुना थर न खोदता त्यावर नवा टाकत गेल्याने रस्ता वर आणि उंबरा खाली गेला. पावसाचे पाणी ढाळजेत शिरू लागले आणि त्या एका कारणाने कितीतरी चांगली घरे पाडली गेली. सागवानाची गोष्ट तर निराळीच. वाड्यांचे कोरीव खांब, महिरपी, दुपाखी दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी घनफुटावर नेले. ते पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत आणि फार्महाउसांत पुन्हा उभे राहिले, आणि विकणाऱ्याने त्या पैशांत लोखंडी शटर बसवले.

हे सगळे अटळ होते असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. फरशी, संडास, न्हाणीघर, धूर न होणारा स्वयंपाक, मजबूत सांधे हे सारे हवेच होते. त्यासाठी जाड भिंत, उंच छत, चौक आणि आड यांपैकी काहीही टाकावे लागत नव्हते. गवंडी आणि सुतार यांच्या हातात दोन्ही विद्या काही काळ एकत्र होत्या. त्या वेळी कोणी दोन्हींची सांगड घालून दिली असती तर आजचे घर वेगळे असते. हिंगोली जिल्ह्यात मार्च आणि जुलै 2024 मध्ये धक्के बसले आणि ते मराठवाड्याच्या बऱ्याच भागात जाणवले. त्यामुळे भिंत बांधून घेण्याचा प्रश्न आजही तितकाच निकडीचा आहे. आरपार दगड नसलेल्या भिंतींवर पत्रे ठोकलेली घरे प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि भिंतीला छिद्र पाडून तिचे दोन्ही थर काँक्रीटच्या टेकणाने जोडण्याचे काम अजूनही करता येते.

सध्या जालन्यात स्लॅबवरही लोखंडी खांब रोवून पत्र्याचे शेड घालण्याची पद्धत वाढली आहे, म्हणजे स्लॅबला ऊन लागू नये. काही जण गच्चीवर चुना किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे लावतात, काही जण मातीच्या कुंड्या पसरतात. नवे घर बांधताना गवंड्याला सांगण्यासारख्या गोष्टी मात्र याहून स्वस्त आहेत. उंची अकरा फुटांच्या खाली आणू नको, पश्चिमेची भिंत जाड ठेव, माथ्याला झरोके दे, आणि आडावर जाळी बसव पण तो बुजवू नको.