मानाची तलवार आणि पेशव्यांचा कवायतीचा मास्तर

आजची गोष्ट सुरू होते बारामतीत. मागच्या महिन्यात मी एका सत्काराला गेलो होतो. बारामती-इंदापूरकडची पोरं पहाटे उठून सैन्यभरतीसाठी पळतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातली काही पोरं भरती झाली आणि त्यांनी आपल्या सरांना फेटा बांधून तलवार भेट दिली. सरांचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यात मात्र दोनशे वर्षांपूर्वीचा एक ‘सर’ घोळत होता.

त्याचं नाव कॅप्टन जॉन फोर्ड. दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजी पद्धतीची कवायती पलटण उभी केली, तिचा हा प्रमुख. छावणी पुण्याजवळ दापोडीला. खर्च पेशव्यांच्या खजिन्यातून आणि शिस्त कंपनीची. म्हणजे बघा, पगार एकाचा आणि निष्ठा दुसऱ्याकडे! १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवे कंपनीच्या फौजेवर विसंबले होतेच. आता स्वतःच्या पैशाने उभी केलेली पलटणही कंपनीच्या माणसाच्या हातात गेली.

पण हा फोर्ड काही परका राहिला नव्हता. पेशव्यांच्या दरबारातले मोरोपंत दीक्षित त्याचे जिवलग मित्र. १८१७ मध्ये लढाई अटळ दिसू लागली, तेव्हा दोघांचं बोलणं झालं. आपापली बाजू कुणीच सोडणार नव्हतं. मग ठरलं, की जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या बायकापोरांना सांभाळायचं. इतिहासकार ग्रँट डफने ही हकिकत नोंदवली आहे.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. सेनापती बापू गोखले. जरीपटका मोरोपंतांकडे. फोर्ड आपली पलटण घेऊन दापोडीहून निघाला आणि थेट इंग्रजांना जाऊन मिळाला. पेशव्यांच्या पैशावर पोसलेल्या तोफा पेशव्यांवरच फिरल्या. आणि मोरोपंत पडले ते नेमके फोर्डच्याच पलटणीच्या तोफेच्या गोळ्याने.

पुढे दोन महिन्यांत, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. तिथल्या कॅप्टन स्टाँटनला कंपनीच्या संचालकांनी गौरवाचा मजकूर कोरलेली तलवार आणि ५०० सोन्याची नाणी दिली. ३ जून १८१८ ला बाजीराव शरण गेले. पेशवाई संपली.

फोर्डला गद्दार म्हणायचं का? मला नाही वाटत. तो पहिल्यापासून कंपनीचाच माणूस होता आणि ते त्याने लपवलं नव्हतं. चूक ही, की पैसा आपला असला म्हणजे फौजही आपली, असं पेशव्यांनी धरून चाललं. कवायत शिकवणारा नुसते हात-पाय हलवायला शिकवत नाही. हुकूम कुणाचा ऐकायचा, हेही तोच शिकवतो.

बारामतीच्या त्या सरांना तलवार दिली ती पोरांनी, स्वतः वर्गणी काढून. कुठल्या खजिन्यातून नाही. म्हणून ती मला स्टाँटनच्या तलवारीपेक्षा वजनदार वाटली.

तुमच्या गावात असा कुणी सर आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!