पोलीस पाटलाला मत कोण देतं?

अमेरिकेत बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ लोकांच्या मतांवर निवडून येतो. अटक करण्याचा अधिकार असलेला माणूस दर काही वर्षांनी मतं मागायला दारात उभा राहतो, ही गोष्ट आपल्याला जरा चमत्कारिकच वाटते. आपल्या मुंबईतही शेरीफ आहे, म्हणजे नगरपाल. पण ते मानाचं पद, नेमणुकीने मिळणारं. त्याचा पोलिसांशी संबंध नाही. मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शेरीफच्या जवळ जाणारा माणूस कोण? माझं उत्तर : पोलीस पाटील. आणि त्याला कुणीच मत देत नाही.

इथे पहिली काळजी घ्या. ‘पाटील’ म्हटलं की आपल्या डोक्यात देशावरची वतनदारी पाटीलकी येते, कारण पाठ्यपुस्तकांत तीच आहे. चांद्याचा इतिहास वेगळा आहे. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि पुढे मध्य प्रांतात राहिला. इथे मालगुजार होते, मुकद्दम होते आणि पूर्वेच्या जंगलात जमीनदार. गावातल्या गुन्ह्याची खबर सरकारला देणं, हे या लोकांचं काम. माडिया-गोंड गावांत गायता, भूमिया हे आपले वेगळेच. त्यांचा मान गावाने दिलेला, सरकारी कागदाने नाही.

या व्यवस्थेत उत्तरदायित्व कुणाकडे होतं, ते 1858 मध्ये फार स्वच्छ दिसतं. बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांना आडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव मिळाले. जंगलात इंग्रजांना बाबुराव सापडेनात. शेवटी त्यांना पकडून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली, आणि व्यंकटरावांच्या जमीनदारीतली 67 गावं अहेरीला बक्षीस मिळाली. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा 1869 चा चांद्याचा सेटलमेंट रिपोर्ट जरूर वाचा, पण तो कुणासाठी लिहिला होता हे लक्षात ठेवून. लक्ष्मीबाई दगाबाज होत्या की नाही, या वादात अडकू नका असं मी सांगेन. त्यांची जमीनदारी टिकणार की जाणार हे ठरवणारा माणूस चांद्याच्या कचेरीत बसला होता, गावात नव्हता. संशोधनाच्या दृष्टीने हे जास्त कामाचं.

31 मार्च 1951 ला मध्य प्रदेशात मालगुजारी आणि जमीनदारी संपली. 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. मग आला महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967. वंशपरंपरागत पोलीस पाटीलकी गेली. आता माणूस त्या गावचा रहिवासी हवा, वय 25 ते 45, आणि नेमणूक पाच वर्षांसाठी, पुढे वाढवता येणारी. लेखी परीक्षा, तोंडी मुलाखत आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश. काम काय? गावात काय चाललंय ते दंडाधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला कळवणं, गुन्हा टाळणं, तपासात मदत करणं. मिळतं ते मानधन. घर गावात, वरिष्ठ बाहेर.

वंश गेला ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. पण बघा, दिशा बदलली का? खबर वर जाते, नेमणूक वरून येते. 1858 मध्येही तेच होतं. गडचिरोलीत याची किंमत जिवाने मोजावी लागली आहे. खबरी असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी इथे अनेक पोलीस पाटलांना मारलं. ठाण्याला कळवलं तर जंगलातून धोका, नाही कळवलं तर ठाण्याचा संशय. लोकांनी निवडून दिलं असतं तर हा माणूस जास्त सुरक्षित असता का? मला तसं वाटत नाही. बंदूकवाले मतपेटी विचारत नाहीत. शिवाय निवडणूक लावली की गावातला मोठा गट आपला माणूस बसवणार, आणि छोट्या गटाने तक्रार घेऊन जायचं कुठे? अमेरिकेतही हा प्रश्न सुटलेला नाही.

मग मतदाराच्या हातात काय उरतं? सरपंचाला तुम्ही मत देता (थेट निवडणूक 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली), पण पोलीस पाटील सरपंचाच्या हाताखाली नाही. प्रचारात कुणी ‘पोलीस पाटील बदलून दाखवतो’ म्हणाला तर तो अधिकार त्याच्याकडे नाही, हे ओळखा. खरी जागा ग्रामसभा आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याची पद्धत जपण्याचा हक्क मानला, दारूबाबतही अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम 2014 ला आले. तिथे प्रतिनिधी नसतो, मतदार स्वतःच बसतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच; 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवण्याआधी कित्येक वर्षं त्यांनी हेच केलं, एकत्र बसून सहमतीने ठरवणं.

यावर काम करायचं असेल तर दोन कागद शेजारी ठेवून वाचा : उपविभागीय कार्यालयाचा भरतीचा जाहीरनामा आणि त्याच गावाचं ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक. एकाच भांडणाची नोंद दोन्हीकडे कशी येते, की एकीकडे येतच नाही, हे तपासा. मुलाखती घेतल्या तर पोलीस पाटलाचं नाव तर लिहू नकाच, गावाचंही लिहू नका. एका गावात पोलीस पाटील एकच असतो, त्यामुळे गाव सांगितलं की माणूस सांगितल्यासारखंच आहे. तालुका लिहिणंसुद्धा कधी कधी जास्त होतं. ते प्रत्येक वेळी गाईडशी बोलून ठरवा.