ओसाड तुरुंगांची छायाचित्रे आणि सोलापूरची सेटलमेंट

चालू तुरुंग हा शासनाचा विषय असतो. ओसाड पडलेला तुरुंग इतिहासाचा विषय होतो. शेवटचा कैदी बाहेर गेला, पहारा उठला, की त्या वास्तूत प्रथम प्रवेश करतो तो बहुधा छायाचित्रकार. उखडलेला गिलावा, गंजलेले गज, उंच झरोक्यातून येणारी उन्हाची तिरीप यांचे आकर्षण कॅमेऱ्याला सर्वत्र आहे. अशा छायाचित्रांचे मोल मोठे आहे यात संशय नाही. परंतु त्यांच्या आधारे कारावासाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जेथे दगड उरला, तेथेच चित्र घेता येते. जेथे कारावासाला भिंतच नव्हती, तेथे चित्रासाठी काहीच उरत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे एक ठळक उदाहरण सोलापुरात आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. कारागृह हा संस्कृत शब्द ग्रंथांत राहिला, कैद हा अरबी शब्द दप्तरांतून आला. लोकांच्या तोंडी मात्र ‘तुरुंग’ रुळला. हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. त्रोंकु म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा ओंडका, आणि पुढे बंदिशाळा. मराठीतील ‘खोडा’ हा शब्दही नेमका याच वाटेने गेला आहे: खोडापासून खोडा. दोन भिन्न भाषांनी बंधनाचे नाव एकाच वस्तूवरून घ्यावे, हे अर्थपूर्ण आहे. माणसाला जखडणे ही मूळ क्रिया. भिंत ही नंतरची सोय. तुरुंग म्हटला की आज डोळ्यांपुढे भिंत उभी राहते, पण शब्दाच्या मुळाशी भिंत नाही.

भिंतीचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात पूर्णत्वास गेले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी १८२९ साली सुरू झाली. मध्यभागी चौकी, तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या कोठड्यांच्या रांगा, आणि प्रत्येक कैदी एकटा, हा तिचा आराखडा पुढे जगभर अनुकरणीय ठरला. अंदमानचे सेल्युलर जेल (१८९६ ते १९०६) याच परंपरेतले. मध्यवर्ती मनोरा, सात तिमजली पाखे, सुमारे सातशे कोठड्या. आणि एका पाख्याचे तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, जेणेकरून कैद्याला कैदी दिसू नये. १९११ ते १९२१ या काळात विनायक दामोदर सावरकर तेथे होते. त्यांनी कोठडीच्या भिंतीवर काव्य कोरले व ते मुखोद्गत करून बाहेर आणले, ही हकीकत मराठी वाचकांस परिचितच आहे. भिंत राहिली, अक्षरे राहिली ती स्मृतीत. पुढे सातांपैकी तीनच पाखे उरले, आणि १९७९ साली त्या वास्तूस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

अशा वास्तूचे छायाचित्र केवळ देखणे असून भागत नाही. ते साक्षीदार असावे लागते. सेल्युलर जेलच्या दाराचा अडसर बाहेरील भिंतीतील कोनाड्यात दूरवर बसविलेला आहे. बाहेरून घेतलेल्या चित्रात ती केवळ लोहारकामाची चातुरी दिसते. आतून घेतलेल्या चित्रात हात कोठवर पोहोचत नाही ते दिसते. झरोक्याची उंची मापनपट्टीवाचून कळत नाही. चित्राची तारीख, दिशा आणि कॅमेऱ्याची जागा यांची नोंद नसेल, तर ते शोभेचे राहते. हे काम वास्तूची डागडुजी होण्यापूर्वीच व्हावे लागते. गोव्यातील आग्वादच्या किल्ल्यातील तुरुंगात पोर्तुगीज राजवटीने गोमंतकाच्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते. तो २०१५ साली बंद झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालयरूपाने खुला झाला. संग्रहालय झाले हे इष्टच; तथापि नव्या गिलाव्याखाली काय गेले, हे सांगू शकतील ती आधीची चित्रेच. फिलाडेल्फियाचा तुरुंग १९७१ साली बंद पडला आणि १९९४ पासून लोकांना नियमितपणे दाखविला जातो. तेथे पडझड थोपविली, पण पुसून टाकली नाही. दोन्ही मार्गांची तुलना आपल्याकडील जाणकारांनी अवश्य करावी.

आता दुसरी बाजू. बंदी आणि कॅमेरा यांचा संबंध तुरुंग ओसाड पडल्यावर जडलेला नाही. तो फार जुना आहे, आणि आरंभी कॅमेरा राज्यकर्त्यांच्या हाती होता. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन व के यांनी संपादिलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे असून, सोबतच्या मजकुरात काही जमातींवर चौर्याचा शिक्का मारलेला आहे. याच सुमारास, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम तो उत्तरेकडे लागू होता; १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला, आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. नोंदणी झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. गुन्हा सिद्ध होण्याची आवश्यकता उरली नाही. जन्म पुरेसा होता.

या कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या वसाहती स्थापन झाल्या, त्यांत सोलापूरची सेटलमेंट प्रमुख होती. सोलापूरच का, याचे कारण गिरण्यांत आहे. १८७७ सालापासून, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गिरणीच्या आरंभापासून, येथे कापडधंदा वाढत गेला आणि गिरण्यांना हुकमी मजूर हवे होते. भोवती तारेचे कुंपण, ठराविक वेळी हजेरी, बाहेर जाण्यास परवाना. दिवसा गिरणीत काम आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणात, असा क्रम होता. कैकाडी, पारधी, मांगगारुडी, कंजारभाट, भामटा आदी समाजांची कुटुंबेच्या कुटुंबे तेथे होती. मुलांसाठी शाळा होत्या, कामाला मजुरी होती. म्हणून चालकांनी या व्यवस्थेला सुधारणेचे नाव दिले. परंतु सेल्युलर जेलमध्ये मूल जन्मत नव्हते. सेटलमेंटमध्ये जन्मत होते, आणि जन्मतःच ते कुंपणाच्या आत असे.

मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा रद्द केला; ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशात संपुष्टात आला. तार निघाली. तार निघाल्यावर तिचे भग्नावशेष उरत नाहीत. सोलापूरच्या ज्या चार सुपुत्रांना, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना, १९३० च्या लष्करी कायद्याच्या प्रकरणानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली, त्यांचे पुतळे शहरात उभे आहेत आणि ते योग्यच आहे. सेटलमेंटची स्मृती मात्र कशात उरली, असे विचारल्यास उत्तर एकच मिळते: पत्त्यात. ‘सेटलमेंट’ हे त्या भागाचे नाव टिकून आहे. आणि त्यालगतच्या वस्त्यांना आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे म्हणतात. ज्यांच्या वर्तणुकीची खात्री पटली, त्यांना कुंपणाबाहेर राहू देण्यासाठी वसविलेल्या त्या वस्त्या. आज सगळेच शहर मोकळे आहे. तरीही एका वस्तीच्या नावात ‘फ्री’ हा शब्द उरला आहे. शेजारी कोणी मोकळे नव्हते, एवढेच तो शब्द सांगतो. कोणत्याही कॅमेऱ्याला न सापडणारे कुंपण तेथे टपालाच्या पाकिटावर शाबूत आहे.

भाषेने जपले तसे भाषेने जखडलेही आहे. ‘भामटा’ हे मुळात एका समाजाचे नाव. मराठीत ते लबाड माणसासाठी सर्रास वापरले जाते. कायदा रद्द झाला, तसा शब्दाचा अर्थ रद्द झाला नाही. शिपायाच्या नोंदवहीतील शिक्का बोलीत उतरला आणि सभ्य लेखनातही राहिला. हा खोडा लाकडाचा नाही, एवढाच फरक.

तेव्हा या विषयाचे संशोधन दोन अंगांनी व्हावयास हवे. जेथे भिंती आहेत, तेथे त्या पडण्यापूर्वी किंवा रंगविल्या जाण्यापूर्वी मोजमापासह छायाचित्रे घ्यावीत. जेथे भिंती नव्हत्या, तेथे माणसांच्या आठवणी आणि त्यांचे शब्द टिपावेत. कैकाडी ही द्राविड कुळातील बोली, पारधी बोली भिल्ली-गुजरातीच्या जवळची. तार, हजेरी, परवाना यांना त्या बोलींत कोणते शब्द होते, मुलांना काय सांगून गप्प केले जाई, याची नोंद अद्याप होऊ शकते. परंतु १९४९ पूर्वी कुंपणात जन्मलेली पिढी आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. दगडी तुरुंग आणखी शंभर वर्षे छायाचित्रकाराची वाट पाहू शकेल; ही माणसे पाहू शकणार नाहीत.