जर-तरचा सामना

आपल्याकडे क्रिकेटचा सामना हरला की दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात प्रत्येक जण कप्तान असतो. "त्याला आधीच गोलंदाजी द्यायला हवी होती" हे ऐकतच आपण मोठे झालो. अमेरिकेत आल्यावर कळले की हा रोग इथेही आहे, बेसबॉलच्या रूपाने! मुले लिटल लीग खेळू लागली की १३ ऑक्टोबर १९६० चा सामना कधीतरी आपल्याही कानावर येतोच.

वर्ल्ड सिरीज म्हणजे सात सामन्यांची मालिका. आधी चार जिंकेल तो विजेता. न्यूयॉर्क यँकीजने तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे धो धो जिंकले. पिट्सबर्ग पायरेट्सनेही तीन जिंकले, पण एक ते तीन धावांच्या फरकाने. सातवा सामना पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर झाला.

आठव्या इनिंगमधे यँकीज ७-४ ने पुढे होते. पायरेट्सचा एक खेळाडू पहिल्या बेसवर असताना बिल व्हर्डनने सरपटी चेंडू मारला. टोनी कुबेक दोघांना एकदम बाद करणार असे दिसत होते. तेवढ्यात चेंडू विचित्र उसळून कुबेकच्या गळ्यावर आदळला. त्याला इस्पितळात न्यावे लागले आणि पायरेट्सचे दोघेही वाचले.

पुढच्या फटक्यावर एक धाव निघाली. यँकीजचे मॅनेजर केसी स्टेंगेल यांनी बॉबी शँट्झला काढून जिम कोट्सला चेंडू दिला. शँट्झ म्हणजे क्षेत्ररक्षणात नावाजलेला पिचर. दोन बाद झाल्यावर रॉबेर्तो क्लेमेंटेचा फटका पहिल्या बेसच्या बाजूला गेला, पण कोट्स बेसवर वेळेत पोचलाच नाही. संपायची ती इनिंग चालू राहिली, आणखी एक धाव निघाली आणि हॅल स्मिथने तीन धावांचा होमरन मारला. पायरेट्स ९-७!

नवव्या इनिंगमधे मिकी मँटलने बाद होता होता पहिल्या बेसवर परत सूर मारला, म्हणून यँकीजची बरोबरीची धाव निघू शकली. मग राल्फ टेरीच्या चेंडूवर बिल मॅझरोस्कीने होमरन मारला आणि सामना १०-९ असा संपला. मालिकेत यँकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७, आणि विजेते पायरेट्स!

पाच दिवसांनी स्टेंगेल यांची नोकरी गेली. त्यांच्यावर मोठा आरोप असा, की त्यांनी व्हाइटी फोर्डला पहिल्या सामन्यात का उतरवले नाही? फोर्डने तिसऱ्या आणि सहाव्या सामन्यात एकही धाव दिली नाही. पहिल्यात खेळला असता तर सातव्यातही खेळू शकला असता. त्याच्या जागी आलेला आर्ट डिटमार दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा लगेच बाहेर गेला.

पण त्या हंगामाचे आकडे पाहा. डिटमारने १५ सामने जिंकले होते, फोर्डने १२. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी डिटमारची ३.०६, फोर्डची ३.०८. म्हणजे हातातल्या माहितीवर तो निर्णय वेडेपणाचा नव्हता. शँट्झला काढणे मात्र मलाही पटत नाही. कुबेकच्या गळ्यावर आलेल्या चेंडूला तर कोणीच जबाबदार नव्हते. लोक या तिन्ही गोष्टींची एकच भाजी करतात.

आणि टेरी? १९६२ साली तोच पुन्हा सातव्या सामन्यात, १-० अशा आघाडीवर, नवव्या इनिंगमधे उभा होता. मॅनेजर राल्फ हाउक यांनी त्याला काढले नाही. विली मकोव्हीने सणसणीत फटका मारला, तो थेट बॉबी रिचर्डसनच्या हातात! दोन पावले इकडेतिकडे गेला असता तर हाउकही मूर्ख ठरले असते.

प्रयोगशाळेत आम्ही एक घटक बदलून प्रयोग पुन्हा करतो. सामन्यात ते होत नाही, आयुष्यातही नाही. तरी आपल्या प्रत्येक जेवणावळीत कोणीतरी म्हणतेच, "त्या वर्षी परत गेलो असतो तर..." अशा वेळी मी आता एकच विचारते, त्या दिवशी तुमच्या हातात काय माहिती होती? उत्तर ऐकल्यावर बहुतेक वेळा निर्णय बरोबरच वाटतो.

फोर्ब्स फील्ड पाडले गेले, पण त्याची भिंत पिट्सबर्गच्या ओकलंड भागात अजून उभी आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथे रसिक जमतात आणि त्या सामन्याचे रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. शेवट ठाऊक असूनही! मुलांना घेऊन एकदा जरूर जा.