विद्यार्थ्याचे बिऱ्हाड : सलामांकाची आठ शतके

सलामांका हे पश्चिम स्पेनमधील, तोर्मेस नदीकाठी सुमारे आठशे मीटर उंचीवर वसलेले शहर. लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ मध्ये येथे विद्यापीठ स्थापले. स्पेनमध्ये आजही चालू असलेल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुने आहे. एका सत्रापुरता स्पॅनिश शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी या शहरात बहुधा एखाद्या कुटुंबात उतरतो. त्याला खोली मिळते, जेवण मिळते, कपडे धुऊन मिळतात आणि दिवसभर कानावर स्पॅनिश पडते. या सोयीचे आजचे रूप शंभर वर्षांचेही नाही. पण बाहेरगावचा विद्यार्थी कोणाच्या छपराखाली राहणार आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न विद्यापीठाइतकाच जुना आहे.

दहाव्या आल्फोन्सोने १२५४ मध्ये विद्यापीठाला सनद दिली. त्याच्याच काळात रचलेल्या ‘सिएते पार्तिदास’ या कायदेसंग्रहात विद्यापीठाचे गाव कसे असावे हे सांगितले आहे. हवा चांगली हवी, गावाबाहेर फिरायला रम्य जागा हव्यात, पाव आणि वाइन मुबलक हवी आणि फार खर्च न होता राहता येईल अशी चांगली घरे हवीत. राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे, ही समज तेराव्या शतकातल्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे उमटावी, हे विशेष आहे. घरमालकांनी विद्यार्थ्यांची अडवणूक करू नये म्हणून भाडे ठरवताना विद्यापीठ आणि शहर या दोघांची माणसे एकत्र बसत.

विद्यार्थी मात्र सगळे सारखे नव्हते. सरदारांची मुले स्वतंत्र घर घेऊन नोकरचाकरांसह राहत. पुढे स्पेनचा सर्वेसर्वा मंत्री झालेला गास्पार दे गुस्मान, म्हणजेच ओलिवारेसचा काउंट-ड्यूक, १६०१ मध्ये चौदाव्या वर्षी सलामांकाला शिकायला आला, तो मोठा लवाजमा घेऊनच. हुशार पण गरीब मुलांसाठी ‘कोलेहिओ मायोर’ नावाची निवासी महाविद्यालये होती. त्यांतले पहिले, सान बार्तोलोमे, दिएगो दे अनाया या बिशपने १४०१ मध्ये स्थापले. सोळाव्या शतकात आणखी तीन आली. या महाविद्यालयांचा मूळ हेतू उदात्त होता. पण शंभर-दीडशे वर्षांत ती वशिल्याच्या मुलांची मिरास बनली आणि दरबारातल्या व चर्चमधल्या मोठ्या जागा तिथल्याच माजी विद्यार्थ्यांच्या हाती जाऊ लागल्या.

सर्वांत खाली होते ते भिकेवर शिकणारे. मठांच्या दारी दुपारी वाटल्या जाणाऱ्या सूपवर त्यांची गुजराण होई, म्हणून लोक त्यांना ‘सोपिस्ता’ म्हणत. काळा झगा घालून रात्री गाणी गात फिरणारी विद्यार्थ्यांची ‘तुना’ मंडळी आज पर्यटकांना दिसतात. लाकडी चमचा आणि काटा हे त्यांचे चिन्ह. ते आपले नाते या सोपिस्तांशी सांगतात.

श्रीमंत आणि भिकारी यांच्या मधल्या विद्यार्थ्यांसाठी जी व्यवस्था होती, तीच आजच्या यजमान कुटुंबाची खरी पूर्वज. तिला ‘पुपिलाहे’ म्हणत. पदवी मिळवलेला एखादा माणूस घर घेई, त्यात काही मुले ठेवी, त्यांना जेवू घाली आणि त्यांचा अभ्यासही घेई. विद्यापीठाच्या परवान्याशिवाय असे घर चालवता येत नसे. सोळाव्या शतकातल्या विद्यापीठाच्या नियमावलीत या घरांवर बारीक कलमे आहेत. रात्री दार ठरल्या वेळी बंद व्हावे, मुले जुगार खेळतात का यावर नजर असावी, जेवणाच्या पानात काय असावे हे पाहिले जावे, आणि तपासणीसाठी विद्यापीठाची माणसे येत राहावीत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांची संख्या सहा हजारांच्या वर गेली होती. मध्यम आकाराच्या शहरावर हा भार मोठाच होता, आणि तो पेलला तो मुख्यतः अशा घरांनी.

या घरांची कीर्ती फारशी चांगली नव्हती. फ्रान्सिस्को दे केवेदो याच्या ‘एल बुस्कोन’ (१६२६) या कादंबरीत काब्रा नावाचा एक पुपिलाहेचालक आहे. त्याच्या घरी मुले उपासमारीने खंगत जातात. ती कथा सेगोवियात घडते आणि केवेदोची अतिशयोक्ती सर्वांना ठाऊक आहे. तरीही वाचकांनी ती इतकी आपली मानली, कारण पातळ सूपाचा अनुभव अनेकांच्या गाठीशी होता. नियमावलीत जेवणाची कलमे पुन्हा पुन्हा यावी लागली, हाही त्याचाच पुरावा म्हणायला हवा.

भाषेच्या दृष्टीने त्या घरांचे काम आजच्या नेमके उलट होते. व्याख्याने लॅटिनमध्ये होत आणि महाविद्यालयांच्या आवारातही विद्यार्थ्यांनी लॅटिनच बोलावी अशी अपेक्षा असे. बाजारातले स्पॅनिश हा अभ्यासातला अडथळा मानला जाई. विद्यार्थ्याला गावापासून शक्य तितके दूर ठेवणे हे चांगल्या घराचे लक्षण होते.

सतराव्या शतकापासून विद्यापीठाला उतरती कळा लागली. कोलेहिओ मायोरची सत्ता तिसऱ्या कार्लोसच्या काळात मोडली गेली. नंतर नेपोलियनच्या सैन्याने तटबंदी उभारताना शहराच्या पश्चिमेकडची अनेक महाविद्यालये आणि मठ जमीनदोस्त केले. एकोणिसाव्या शतकात विद्यार्थी शेकड्यांत मोजावे लागत. पुपिलाहेही लयाला गेले. त्यांची जागा साध्या खानावळवजा घरांनी घेतली. ती चालवणारी बाई म्हणजे ‘पात्रोना’. अनेकदा ती विधवा असे आणि घर चालवण्यासाठी दोन खोल्या भाड्याने देई. अभ्यासाशी तिचा संबंध नव्हता, परवानाही नव्हता. स्पॅनिश साहित्यात तिला मोठे स्थान आहे. सांतिआगो दे कोम्पोस्तेला शहरातल्या अशा एका घरावरची अलेहांद्रो पेरेस लुगिन यांची ‘ला कासा दे ला त्रोया’ (१९१५) ही कादंबरी इतकी गाजली, की ते घर आता संग्रहालय झाले आहे.

परदेशी विद्यार्थी या घरांत आले ते विसाव्या शतकात. माद्रिदमध्ये रामोन मेनेंदेस पिदाल यांच्या प्रेरणेने १९१२ पासून परदेशीयांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी वर्षभरासाठी पॅरिसला पाठवले आणि परदेशी वर्षाची कल्पना अमेरिकी महाविद्यालयांत रुजली. लवकरच अशा तुकड्या स्पेनमध्येही येऊ लागल्या. सलामांकाचे परदेशीयांसाठीचे वर्ग १९२९ पासूनचे. पण १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. फ्रँकोने आपले मुख्यालय सलामांकातच, बिशपच्या वाड्यात थाटले आणि विद्यापीठाचा पदच्युत रेक्टर मिगेल दे उनामुनो त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी घरात नजरकैदेत वारला. परदेशी विद्यार्थी येण्याचा प्रश्नच उरला नाही.

अमेरिका आणि स्पेन यांच्यात १९५३ मध्ये करार झाला आणि दार पुन्हा किलकिले झाले. युद्धानंतरची टंचाई सोसलेल्या कुटुंबांना परदेशी चलनात फी भरून आलेला पाहुणा हा मोठा आधार होता. या पाहुण्यांसाठी घरातल्या बायकांनी घेतलेल्या कष्टाची नोंद फारशी कुठे नाही, कारण ते सगळे स्वयंपाकघरात घडले. पण स्पॅनिश भाषेच्या प्रसारात त्या बायकांचा वाटा प्राध्यापकांपेक्षा कमी मानता येणार नाही. घराचे केंद्र म्हणजे ‘मेसा कामिया’. हे गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारे जाड कापड आणि खाली ‘ब्रासेरो’, म्हणजे पूर्वी निखाऱ्यांची आणि नंतर विजेची शेगडी. सलामांकाचा हिवाळा बोचरा. घरात ऊब एकाच जागी असल्यामुळे पाहुण्याला खोलीत एकटे बसणे परवडत नसे. पाय टेबलाखाली घालून घरच्यांबरोबर बोलत बसावे लागे. व्याकरणाच्या वर्गात न शिकता येणारे बरेच काही असेच शिकून होई.

जेवणाच्या वेळा नवख्याला चकित करतात. दुपारचे मुख्य जेवण, बहुधा मसूर किंवा काबुली चण्याच्या रश्शाचे, दोन ते तीनच्या दरम्यान, रात्रीचे नऊनंतर. यामागचे एक कारण घड्याळातच आहे. मार्च १९४० मध्ये फ्रँको सरकारने घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपाची वेळ स्वीकारली आणि ती पुन्हा मागे नेली नाही. सूर्याच्या हिशोबाने पाहिले, तर स्पेनचे जेवण दिसते तितके उशिराचे नाही.

स्पेन १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला आणि पुढच्याच वर्षी ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली. तिच्यातून येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांनी कुटुंबांपेक्षा भागीदारीतल्या सदनिका पसंत केल्या. त्यामुळे यजमान कुटुंबांकडे आज मुख्यतः अमेरिकी आणि आशियाई विद्यार्थी आणि थोड्या आठवड्यांसाठी येणारी अल्पवयीन मुले असतात. कुटुंबांची निवड विद्यापीठे, भाषाशाळा किंवा त्यांच्या वतीने काम करणाऱ्या संस्था करतात. खोली पाहिली जाते, घरातली माणसे आणि पाळीव प्राणी यांची माहिती घेतली जाते, किती जेवणे द्यायची हे लेखी ठरते. एका घरात दोन विद्यार्थी ठेवायचे झाल्यास त्यांची मातृभाषा एक नसावी, असाही दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो.