जुन्या भिंतीचा गिलावा

दिवाळी जवळ आली की गटात घरदुरुस्तीसाठी कर्जाची मागणी वाढते. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, "जुनी भिंत खरवडून सिमेंट मारायचंय." म्हणून आज आम्ही गिलाव्याचाच इतिहास सांगणार आहोत.

आपल्याकडची जुनी घरं पांढरीच्या मातीची, कच्च्या विटांची, नाहीतर मातीत रचलेल्या दगडांची. वरून शेणामातीचं सारवण, आणि ऐपत असेल तर चुन्याचा गिलावा. ही रीत फार जुनी. अजिंठ्याची चित्रंसुद्धा उघड्या दगडावर काढलेली नाहीत. दगडावर आधी मातीचा लेप आहे, त्यात भाताचा तूस आणि झाडापाल्याचे तंतू आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. तुसामुळे माती वाळताना तडकत नाही. आपण मातीत भुसा कालवतो तो त्यासाठीच.

चुन्याला मेहनत जास्त. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू घालून घाणीत मळायची. घाणी म्हणजे गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी ओढायचं दगडी चाक. अनेक किल्ल्यांवर ती आजही दिसते. मळताना गूळ, बेलफळ, हिरडा असं काहीबाही घालत. असा चुना हवेतला कार्बन वायू घेऊन सावकाश पुन्हा दगडासारखा होतो.

सिमेंट त्या मानाने कालचं. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या देशात 1914 साली पोरबंदरच्या कारखान्यात ते तयार होऊ लागलं. पक्क्या विटांच्या घराला ते चांगलंच. पण मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडून देते. वर सिमेंट बसलं की ओल आत कोंडते. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात, आतली माती भुसभुशीत होते. गिलावा गळून पडतो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

तेव्हा आधी कौलं, पन्हळ आणि जोत्याजवळचं पाणी बघा. ओल कुठून येते ते थांबवा. मग भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज येईल तेवढाच भाग काढा, बाकीचा राहू द्या. मातीला माती, चुन्याला चुना लावा. चुन्याचा गिलावा काही दिवस ओलसर ठेवा. कळीचा चुना विरवताना उकळतो, म्हणून लेकरांना लांब ठेवा, हात आणि डोळे जपा. भिंत फुगली असेल किंवा कलली असेल, तर आधी जाणत्या गवंड्याला दाखवा.

वाडा कोणी बांधला हे कागदात सापडतं. त्याच्या भिंती दरवर्षी कोणी सारवल्या, हे कुठेच लिहिलेलं नाही. कोणती माती कुठून आणायची, शेण किती, भुसा किती, हे आपल्या आज्या-सासवांना तोंडपाठ आहे. पुढच्या बैठकीत त्यांना बोलवा, विचारा, आणि गटाच्या वहीत लिहून घ्या. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरू.